नववं विधान

शुभदा,

तुझ्या शोकसभेत सगळ्यांनी तुला 'निसर्गप्रेमी' म्हटलं. बोलायला उभा राहिलेला जवळजवळ प्रत्येक जण तेच म्हणाला. मी मागच्या रांगेत बसून तुझ्या बाल्कनीतल्या कुंड्या आठवत होते. तुझ्याकडे तुळस टिकायची नाही. मनीप्लांट म्हणे कोणाकडेही जगतो, तो तू पाणी घालून घालून मारलास. झाडांचं तुला खरं तर फारसं काही नव्हतंच. तुला मुलांचं होतं. झाडांविषयी मुलांना काय वाटतं, काय वाटत नाही, आणि वाटत नसताना वाटतं असं ती का लिहितात, यात तुझा जीव अडकलेला होता. हे तिथे उठून सांगावंसं मला फार वाटलं, पण मिलिंदचा चेहरा बघून गप्प बसले. तुझा नवरा बिचारा, त्याला त्या दिवशी 'निसर्गप्रेमी'च बरं वाटत असेल.

म्हणून हे लिहिते आहे. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं इथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात आलंय. दिवाळीनंतर पोट दुखतं म्हणून तपासायला गेलीस आणि थंडी संपायच्या आत आम्हाला सोडून गेलीस, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मला लिहायचंय ते आपल्या भांडणाविषयी. ते अर्धवट राहिलं असं मी धरून चालले होते. गेल्या आठवड्यात कळलं की तू ते केव्हाच मिटवून टाकलं होतंस, मला न विचारता.

आपली ओळख करोल बागेत एका बारशाला झाली. पुण्याहून नोएडाला येऊन मला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि कुठे मराठी कानावर पडलं की मी तिकडे ओढली जायचे. कोणीतरी मला विचारलं, काय करतेस. मी नेहमीचं उत्तर दिलं, की लोकांना प्रश्न विचारून त्यांच्या उत्तरांचे आकडे करणाऱ्या कंपनीत आहे. कोणता साबण का आवडतो, कोणती बँक का आवडत नाही, असलं काम. तू शेजारी उभी राहून बटाटेवडा खात होतीस. वडा ताटलीत ठेवलास आणि म्हणालीस, "अच्छा, म्हणजे तुला सर्व्हे येतो." माझं नाव त्यानंतर विचारलंस.

आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवून पन्नाशी उलटल्यावर तू पीएच.डी.ला नाव घातलं होतंस. विषय होता, नववीतल्या मुलांना जंगलतोडीबद्दल काय माहीत आहे आणि काय वाटतं. तुला मुलं येत होती, आकडे येत नव्हते. मला आकडे येत होते आणि माझे रविवार मोकळे होते. मी तुला ताई म्हणायला लागले तर म्हणालीस, ताई नको यार, मग मला शहाण्यासारखं वागावं लागेल. त्या पहिल्या थंडीत तू माझ्या घरी रजई आणून टाकलीस आणि माझा पुण्याचा स्वेटर हातात धरून बराच वेळ हसलीस. मला या शहरात आपलं असं माणूस मिळालं ते तेव्हा. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण तू लगेच त्याची चेष्टा केली असतीस.

चेष्टा मीही कमी करायचे नाही. तू दिल्लीतच जन्मलेली, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली. तुझ्या मराठीत हिंदी इतकी मिसळलेली, की मी सारखी दुरुस्त करत बसायचे. एकदा वैतागून विचारलंस, "अनघा, तू माणूस आहेस की व्याकरण?" सरपण हा शब्द तुला माझ्याकडून कळला. त्याआधी तू 'जाळायची लकडी' म्हणायचीस.

प्रश्नावली आपण माझ्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर तयार केली. पहिला भाग माहितीचा होता: जंगलतोड म्हणजे काय, तिचा मातीशी आणि पाण्याशी काय संबंध, दिल्लीपर्यंत कोणती डोंगररांग येते. दुसरा भाग मनाचा. त्यात प्रश्न नव्हते, विधानं होती, आणि प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. मूल जितकं झाडांच्या बाजूने झुकेल तितके त्याला गुण जास्त. नववं विधान तू लिहिलंस. 'जंगलातून लाकूड नेणाऱ्यांना कडक शिक्षा झाली पाहिजे.' लिहिताना तुझ्या डोळ्यांपुढे ओंडक्यांनी भरलेले ट्रक होते. माझ्याही डोळ्यांपुढे तेच होते. मी म्हटलं, छान आहे, स्पष्ट आहे, कोणाचा गोंधळ होणार नाही. मग तू सगळं हिंदीत केलंस आणि मी चहा टाकला.

कामाची पद्धत ठरली. आधी एक फेरी, मग वर्गशिक्षकांनी जंगलावरचे काही पाठ घ्यायचे, मग पुन्हा तीच प्रश्नावली. पाठांनी मुलांत काही फरक पडतो का, ते बघायचं. दोन फेऱ्यांच्या मधे प्रश्नावलीतल्या एकाही विधानाबद्दल मुलांशी अवाक्षर काढायचं नाही, कारण काढलं की दुसरी फेरी वाया. हा नियम मी शोधलेला नाही, हे काम करणारे सगळेच तो पाळतात. पण तुला तो कायम माझा पुणेरी हट्ट वाटला. तुझा स्वतःचा एक नियम होता. मुलं चौकोनांत खुणा करायला लागली की तू वर्गाकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करून उभी राहायचीस. म्हणायचीस, मुलं कागदाकडे कमी आणि बाईंच्या तोंडाकडे जास्त बघतात, तिथे त्यांना उत्तर दिसतं.

शाळा दोन घेतल्या. एक नोएडातली, माझ्या घराजवळची, वर्गावर्गात मोठे डिजिटल पडदे असलेली. जंगलतोड थांबवायला तुम्ही काय कराल, या प्रश्नाला तिथे जवळजवळ सगळ्यांनी पोस्टर बनवू असं लिहिलं. तू वाचून म्हणालीस, एवढ्या पोस्टरांना कागद कुठून आणणार. दुसरी शाळा हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूची, रिज म्हणतात त्या दिल्लीतल्या जंगली टेकडीच्या कडेची, मुलींची. खिडकीबाहेर कीकरचं, म्हणजे बाभळीचं, रान आणि व्हरांड्यात माकडं. एका माकडाने आपल्या कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा पळवला, तेव्हा तू छत्री उगारून त्याच्या मागे धावलीस आणि मुली ओरडून सांगत राहिल्या, मैडम, छाता नहीं, रोटी दिखाओ. रोटी दाखवल्यावर गठ्ठा मिळाला. वरचे काही कागद फाटले होते, तेही तू चिकटपट्टी लावून वापरलेस.

आकडे आले तेव्हा माहितीत नोएडाची मुलं पुढे होती. ते अपेक्षितच होतं. पण दृष्टिकोनात रिजच्या मुली पुढे निघाल्या, आणि त्या पुढे निघाल्या मुख्यतः नवव्या विधानामुळे. शिक्षेच्या बाबतीत नोएडाची मुलं जरा सैल होती, 'सांगता येत नाही' म्हणणारी बरीच. रिजच्या वर्गाने मात्र एकजात 'पूर्ण सहमत'वर खूण केली होती. तू खूश झालीस. तुझे मार्गदर्शक सर तुझ्याहून खूश. म्हणाले, यात चांगला लेख आहे. तू कचोऱ्या घेऊन माझ्या ऑफिसखाली आलीस आणि आपण त्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्ल्या. तुझ्या ओढणीवर चटणी सांडली आणि तुला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कंचनची आई शाळेत आली. कंचन म्हणजे त्या वर्गातली खिडकीजवळ बसणारी, फारसं न बोलणारी मुलगी. तू त्या दिवशी शिक्षकांना पाठांचे कागद द्यायला गेली होतीस. मी तिथे नव्हते, पण तू ते मला इतक्यांदा सांगितलंस की आता मी पाहिल्यासारखंच वाटतं. बाई सकाळी घरकामं करते आणि परतताना रिजमधून कीकरच्या वाळक्या काटक्या मोळी बांधून आणते. चूल त्याच्यावर चालते. त्या दिवशी ती मोळी न घेता आली होती, कारण कंचनने मोळी बांधायचा दोर लपवून ठेवला होता आणि कुठे ठेवला ते सांगत नव्हती. बाई रागावलेली होती आणि आवाज चढवून बोलत होती.

"मैडम, आपने इससे क्या लिखवाया? कहती है, अब लकडी लाई तो पुलिस ले जाएगी, मैंने खुद लिखकर दिया है."

तू वर्गशिक्षिकेला विचारलंस, तेव्हा कळलं की त्या वर्गातल्या बहुतेक घरांत लाकूडच जळतं. कोणाची आई आणते, कोणाची आजी, कोणी स्वतः. म्हणजे आपल्या तक्त्यात सगळ्यांत वर आलेल्या मुलींनी आपापल्या आयांना कडक शिक्षा व्हावी असं लिहून दिलं होतं, कारण शाळेत विचारल्यावर तेच बरोबर असणार असं त्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं आणि आपण त्याला चांगला दृष्टिकोन म्हणून गुण दिले. त्यावर कचोऱ्या खाल्ल्या.

शाळेतून निघाल्यावर तू मला ऑफिसात फोन केलास. झालेलं सगळं सांगितलंस आणि विचारलंस, मी मुलींना सांगू का, की ते वाक्य चुकलंय, तुमच्या आयांना कोणी नेणार नाही? मी नाही म्हटलं. आता सांगितलंस तर या वर्गाची दुसरी फेरी वाया जाईल, आणि हा वर्ग गेला तर तुझं अर्धं काम गेलं. दुसरी फेरी होऊ दे, कागद गोळा झाले की त्याच क्षणी सांगू, मी रजा टाकून तुझ्याबरोबर येते. तू म्हणालीस, "अच्छा. चलो, ठीक आहे." मला जरा नवल वाटलं. तू इतक्या लवकर कोणाचं ऐकणारी नव्हेस, भाजीवाल्याचंही नाही. पण माझी मीटिंग होती, आणि खरं सांगायचं तर आपण जिंकलो असं वाटून मला बरंही वाटलं.

त्यानंतर आपण भांडलो, पण दुसऱ्याच गोष्टीवरून. मुलींना सांगायचा विषय तू पुन्हा काढला नाहीस. तुझं म्हणणं आता एवढंच होतं, की नववं विधान हिशेबातून काढून टाकायचं. मी म्हणायचे, उत्तर आवडलं नाही म्हणून विधान काढता येत नाही. तू म्हणायचीस, उत्तर नाही, विधान आवडलं नाही. मी म्हणायचे, मग ते छापायच्या आधी आवडायला नको होतं. एकदा मेट्रोत उभ्याउभ्या आपलं इतकं जुंपलं, की समोरची बाई उठून तुला जागा द्यायला लागली.

"त्या मुली काय वाटतं ते सांगत नाहीत, अनघा. पेपर देतात," असं तू म्हणालीस.

मी म्हटलं, सगळेच पेपर देतात, साबणाच्या सर्व्हेतही देतात, त्यातूनच वाट काढायची असते. त्यावर तू माझ्या फ्लॅटवर घसरलीस. म्हणालीस, तुमचा तो सेक्टर शेतं आणि झाडं काढूनच उभा राहिला ना, मग तुम्हाला कोण लिहायला लावतं की मला कडक शिक्षा व्हावी? हे मला झोंबलं. मी पुढच्याच स्टेशनवर उतरले आणि काही दिवस फोन उचलला नाही. मग एका रविवारी तू दारात उभी राहिलीस, हातात गाजर हलव्याचा डबा, आणि काही झालंच नसल्यासारखं विचारलंस, तक्ता कुठवर आला?

तू आता नाहीस, तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. नियम बरोबर होता. ज्याला जे टोचेल ते त्याने बदलायचं ठरवलं, तर सर्व्हे म्हणजे आपल्याच मनातलं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणं होईल. हे मी तुला शंभर वेळा सांगितलं असेल. तू दर वेळी मान हलवायचीस आणि तुझं मत जराही हलायचं नाही.

पण तुझ्यामुळे माझं एक काम कायमचं बदललं, आणि त्याचे आभार मानायचे राहिले. इतकी वर्षं मी चौकोनातल्या खुणा मोजत आले. साबणाच्या सर्व्हेने घाबरून कोणी दोर लपवत नाही, त्यामुळे खूण केल्यावर तो माणूस घरी जातो आणि तिथे त्या वाक्याचं काहीतरी होतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आता ऑफिसात कोणतंही विधान समोर आलं की मी विचारते, हे वाचून उत्तर देणारा घरी जाऊन काय करेल? पोरं हसतात. म्हणतात, मॅडम, शॅम्पू आहे. मी म्हणते, असू दे, तरी सांगा. हे सगळं तू दिलेलं आहे.

नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली की शाळा बंद झाल्या आणि दुसरी फेरी लांबली. शाळा उघडल्या तोवर तू हॉस्पिटलात होतीस. आपण शेवटचं भेटलो ती दुपार होती आणि खिडकीतून तुझ्या पायांवर ऊन आलं होतं. तू ते पांघरूण सरकवून मुद्दाम पायांवर घेत होतीस. आजाराबद्दल बोलायचं नाही असं बजावलंस आणि दुसऱ्या फेरीची तारीख विचारलीस. मी म्हटलं, वार्षिक परीक्षेच्या आधी करू, तू बरी झालीस की. तू म्हणालीस, मी नसले तरी तू जा, होईल. मग माझा हात धरून म्हणालीस, "आणि चिडू नकोस हं माझ्यावर." मी विचारलं, कशाबद्दल? तू म्हणालीस, असंच, तू चिडतेस ना. मी म्हटलं, नवव्या विधानावरून भांडायचंय अजून, लवकर घरी ये. तू हसलीस आणि हसल्यामुळे दुखलं, म्हणून तोंड वाकडं केलंस. तुझ्यावाचून माझं इथे कसं होणार, हे विचारायचं होतं. ते आजारी माणसाला विचारत नाहीत, म्हणून विचारलं नाही.

तू गेल्यावर काही दिवसांनी मिलिंदने फोन केला. पदवी आता मिळायची नाही, पण सर म्हणाले होते, दुसरी फेरी झाली तर शुभदाच्या नावाने लेख छापता येईल. मिलिंद म्हणाला, अनघा, तेवढं करून टाक. मी हो म्हटलं. नोएडाची शाळा सोपी होती, ती आधी उरकली. रिजच्या शाळेत जायचा दिवस मात्र मी दोनदा पुढे ढकलला. भीती एकाच गोष्टीची होती. त्या मुली सगळी थंडी ते मनात धरून बसल्या असणार. आई लाकडं घेऊन येताना दिसली की तिच्या मागे पोलीस येतोय का ते त्या बघत असणार, आणि हे सगळं कशासाठी, तर माझी दुसरी फेरी शाबूत राहावी म्हणून. तुझ्याशी वाद घालताना नियम फार ठाम वाटायचा. कॅबमध्ये एकटी बसल्यावर तसा वाटेना.

वर्गात गेले तेव्हा मुली उभ्या राहिल्या आणि वर्गशिक्षिकेने न सांगता गप्प उभ्याच राहिल्या. त्यांना तू गेल्याचं कळलं होतं. कंचन खिडकीजवळच होती. मी कागद वाटले, तू सांगायचीस तसं सगळं हिंदीत सांगितलं, माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत, आणि तुझ्यासारखीच फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. कागद गोळा झाले. मी ते पिशवीत भरले आणि मग टेबलापाशी येऊन, ठरवून आणलेलं बोलले. की नववं वाक्य आम्ही नीट लिहिलं नव्हतं. आमच्या मनात मोठमोठे ट्रक होते. चुलीपुरत्या काटक्या आणणाऱ्या तुमच्या आयांबद्दल ते नव्हतंच, त्यांना कोणीही नेणार नाही, आणि हे आम्ही फार आधी सांगायला हवं होतं.

मुली माझ्याकडे बघत राहिल्या. कोणाच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, नवल नव्हतं, काहीच नव्हतं. मला वाटलं माझी हिंदी समजली नाही. मग कंचन उभी राहिली आणि अगदी अदबीने, मोठ्या माणसाला आठवण करून द्यावी तशी म्हणाली, "मैडम, ये तो शुभदा मैडम ने बता दिया था."

मी विचारलं, कधी?

"उसी दिन. मम्मी आई थी ना, उसी दिन."

मग हळूहळू सगळ्याच सांगायला लागल्या. तू कंचनच्या आईला वर्गात आणून बाईंच्या खुर्चीवर बसवलंस. स्वतः तिच्या बाजूला उभी राहिलीस आणि मुलींना म्हणालीस, हे वाक्य मी लिहिलं, ते चुकीचं लिहिलं, चूक माझी आहे, तुमच्या मम्मीची नाही. मग सगळ्यांसमोर त्या बाईची माफी मागितलीस. ती इतकी संकोचली की उठून उभी राहायला लागली आणि तू तिला खांद्याला धरून परत बसवलंस. कंचनने त्याच संध्याकाळी दोर काढून दिला. म्हणजे तू मला फोन करून 'सांगू का' असं विचारलंस, तेव्हा तुझं सांगून झालेलं होतं.

मी विचारलं, मग इतके दिवस मला कोणी बोललं कसं नाही? मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी पुन्हा कंचनच म्हणाली, "मैडम ने मना किया था. बोली थीं, हिसाबवाली मैडम को मत बताना, नाराज होंगी. पर अब तो मैडम नहीं रहीं ना."

वर्गासमोरच मला रडू आलं. मुलींनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि एकीने आपली ओढणी पुढे केली. मी त्यांना एवढंच म्हटलं, की मी नाराज नाही. ते खोटं होतं. मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. इतके महिने माझ्यासमोर बसून हलवा खाल्लास, तक्त्यांवर मान डोलावलीस, आणि हे पोटात ठेवलंस. मला सांगितलं असतंस तर मी आरडाओरडा केला असता आणि तो वर्ग तिथल्या तिथे काढून टाकला असता. तुला ते ठाऊक होतं. तुझा वर्ग तुला राखायचा होता, माझी मैत्रीही राखायची होती, आणि त्या बाईला त्या दिवशी तशीच घरी पाठवायची नव्हती. हे तिन्ही तू साधलंस. तुझा मला इतका राग आला आणि तू इतकी आवडलीस, की घरी पोचेपर्यंत त्या दोन्हींतलं एकही कमी झालं नाही.

घरी कागद उघडले. नवव्या विधानापुढे कोणी सहमत, कोणी असहमत, आणि बऱ्याच जणींनी चौकोनाच्या बाहेर पेनाने शब्द घातले होते. 'ट्रकवालों को.' 'पहले गैस दो.' एकीने लिहिलं होतं, 'हरी डाल काटे तो हाँ, सूखी के लिए नहीं.' सबंध सर्व्हेत मुलांना खरोखर काय वाटतं हे पहिल्यांदाच तिथे उमटलं होतं, आणि नियमाप्रमाणे त्यातला एकही कागद मला पहिल्या फेरीशी जोडून मोजता येत नव्हता.

मी तो वर्ग तुलनेतून काढला. तू असतीस तरी काढला असता, मग तू कितीही भांडली असतीस. तिथल्या मुलींचे शब्द लेखाच्या शेवटी जसेच्या तसे दिले आहेत, ते तुझ्यासाठी. पण एखादा वर्ग वगळला की कारण द्यावं लागतं. सरांनी सुचवलं, 'अपरिहार्य कारणामुळे' असं लिहा. मी लिहिलं: 'प्रश्नावलीतील नवव्या विधानामुळे मुली घाबरल्याचे कळताच संशोधिकेने त्याच दिवशी मुलींना आपली चूक सांगितली आणि एका विद्यार्थिनीच्या आईची वर्गासमोर माफी मागितली, म्हणून हा वर्ग तुलनेतून वगळला आहे.'

सर फोनवर म्हणाले, शोधनिबंधात असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, असं कोणी करतही नाही, सर. त्यांनी ते वाक्य मला पुन्हा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, राहू दे तसंच.